मदत हवी आहे: पीईजी-पीएलए मायसेल पाण्यात नक्की कुठून तुटतात?

मंडळी, जरा डोकं लावा. पीईजी-पीएलएचे (पाण्यात मिसळणारं पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि पाणी टाळणारं पॉलिलॅक्टिक अॅसिड जोडून केलेली साखळी) मायसेल, म्हणजे आत पीएलएचा गाभा आणि बाहेर पीईजीचं कवच असलेले अतिसूक्ष्म कण, बनवलेत, पीबीएस बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं फॉस्फेटचं खारट द्रावण), पीएच ७.४, ३७ डिग्रीला ठेवलेत आणि दर दोन दिवसांनी डीएलएसवर (प्रकाश कसा विखुरतो त्यावरून कणांचा आकार मोजणारं तंत्र) साइझ बघतोय. मला वाटलेलं की एस्टर बाँड (साखळीतले कडी जोडणारे रासायनिक बंध) पाण्याने तुटत गेले की कण हळूहळू बारीक होतील, पण झालं उलटंच, साइझ वाढायला लागली आणि काल तर बाटली हलवली तर तळाशी पांढुरका गाळ तरंगून वर आला!

माझा अंदाज असा की पीईजी आणि पीएलएच्या जोडावरचा एस्टरच आधी तुटतोय, म्हणजे बाहेरचं पीईजीचं कवच सुटतं आणि आतले पाण्याला घाबरणारे गाभे एकमेकांना चिकटतात. पण पीएलएची साखळी मोकळ्या टोकाकडून एकेक कडी करून सुटते असंही वाचलंय, मग कवच कसं काय जाईल? पीएच किंचित खाली आलाय, म्हणजे लॅक्टिक अॅसिड सुटत असावं.

एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन ओळखणारी चाचणी) ३.६ पीपीएमचा (आलेखावरची जागा) पीईजीचा पीक आणि ५.२ च्या आसपासचा पीएलएचा, यांचं गुणोत्तर नुसत्या गाळाचं काढलं तर उत्तर मिळेल का, की जीपीसी (साखळ्यांची लांबी मोजणारी चाचणी) करावंच लागेल? कोणी केलंय का हे?