गुन्हेगारांची बारशी कोण करतं?

सांजवात
फूलनदेवीच्या शरणागतीचा फोटो परवा पुन्हा पाहिला. फेब्रुवारी १९८३, भिंड. अंगात खाकी, कपाळाला लाल पट्टी, जेमतेम विशीतली पोर. आणि तेव्हाच्या वर्तमानपत्रांचा तिच्यासाठीचा लाडका शब्द: दस्युसुंदरी. बेहमईत २० माणसं मारल्याचा आरोप असलेल्या बाईच्या बातमीत रूपाचा काय संबंध? चंबळचे पुरुष डाकू 'दस्युसम्राट' होतात, 'दस्युसुंदर' एकही नाही.

दुसरं नाव 'बिकिनी किलर'. चार्ल्स शोभराजला ते चिकटलं बळींच्या अंगावरच्या कपड्यांवरून. मारणारा तो, नावात कपडे तिचे. नेपाळमध्ये ज्या दोन खुनांसाठी त्याला शिक्षा झाली, त्यांतला एक बळी तर पुरुष होता.

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका टिंबाचा फरक आहे. बातमीदार नाव ठेवतात गुन्हेगाराला, आणि नावं ठेवली जातात भलत्यालाच.

रातकिडा
ताई, उगाच कीस पाडताय. गुन्हेगार सापडेपर्यंत बातमीत त्याला म्हणायचं काय, 'अज्ञात इसम'? कॅलिफोर्नियात सत्तर-ऐंशीच्या दशकांत एकाच माणसाने बलात्कार आणि खून केले. भागाभागात त्याला वेगळी नावं, त्यामुळे एकही लोकांच्या तोंडी बसलं नाही. २०१३ मध्ये मिशेल मॅकनमारा या लेखिकेने 'गोल्डन स्टेट किलर' हे नाव दिलं, प्रकरण पुन्हा गाजलं आणि २०१८ मध्ये तो पकडला गेला. नाव चटकदार होतं म्हणूनच ना?

मुद्देसूद
पकडला गेला तो डीएनएमुळे. वंशावळीच्या वेबसाइटवर लांबचे नातेवाईक जुळवत पोलीस त्याच्यापर्यंत पोचले. नावाने दबाव वाढला असेल, तेवढं कबूल.

आता नावाने तपास कसा भरकटला ते बघा. इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये बायकांचे खून होऊ लागले तेव्हा पेपरांनी १८८८ च्या लंडनमधल्या, कधीच न सापडलेल्या खुन्याचं 'जॅक द रिपर' हे नाव आठवून 'रिपर' उसना आणला. उसन्या नावाबरोबर जुनी गोष्टही आली: हा वेश्यांना मारतो आणि पोलिसांना पत्रं लिहून खिजवतो. १९७८-७९ मध्ये कुणा टवाळाने 'जॅक द रिपर' अशी सही ठोकून पत्रं धाडली, मग एक टेपही. टेपमधल्या बोलीचा माग काढत पोलीस संडरलंडकडे धावले. खरा खुनी पीटर सटक्लिफ ब्रॅडफर्डचा. त्याची नऊ वेळा चौकशी होऊनही तो मोकळाच. एकूण १३ बायका गेल्या. १९७७ मध्ये १६ वर्षांची एक मुलगी मारली गेली तेव्हा 'निष्पाप बळी' हा शब्द निघाला. आधीच्या मग कोण होत्या? २०२० मध्ये सटक्लिफ मेल्यावर वेस्ट यॉर्कशायर पोलिसांनी त्या काळच्या भाषेबद्दल नातेवाइकांची माफी मागितली.

रातकिडा
टेप पाठवणारा भामटा होता. त्यात नावाचा काय दोष?

मुद्देसूद
सहीला नाव आयतं मिळालं की त्याला.

अधूनमधून
मूळ रिपरचं नाव तरी खुन्याचं कुठे? ज्या पत्रात ते पहिल्यांदा आलं ते एका वृत्तसंस्थेच्या पत्त्यावर आलं होतं, आणि हे कुणा पत्रकाराचंच काम असणार असं तेव्हाच्या पोलीस अधिकाऱ्यांनाही वाटत होतं. त्याआधी पेपरवाले त्याला 'लेदर एप्रन' म्हणत, म्हणजे जोडे शिवणारे घालतात तसा चामड्याचा एप्रन घालणारा, आणि तो ज्यू असल्याचंही छापत. तेवढ्यावरून लोकांनी ज्यूंना रस्त्यात गाठून शिवीगाळ केली आणि पोलिसांनी एका ज्यू चांभाराला उचललं. खुनांच्या वेळी तो दुसरीकडे होता हे सिद्ध झालं म्हणून बिचारा सुटला.

कोरा कागद
'ज्यू चांभार', आणि तेही याच धाग्यावर! वा.

अधूनमधून
अहो, धंदा म्हणून लिहिलं. जोडे शिवायचा तो.

कोरा कागद
तुम्ही धंदा लिहिलात, वाचणाऱ्याने जात वाचली. भांडत नाही, पण हे असंच घडतं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, 'पारधी टोळी' हा मथळा मात्र रद्द झाला नाही. दरोडा चौघांनी घातलेला असतो, छापली जाते जमात. उच्चवर्णीय संचालकांनी बँक बुडवली तर त्यांच्या जातीची 'टोळी' कधी वाचलीत? तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढा, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०२४ उजाडलं. मथळ्यातला रकाना कोण काढणार?

रातकिडा
हे शंभर टक्के मान्य. पण ते जातीचं लेबल झालं, टोपणनाव नाही. 'दस्युसुंदरी'ने फूलनचं काय वाकडं झालं? खासदार झाली की ती.

सांजवात
ती झाली, 'सुंदरी'मुळे नाही. आणि जी गुन्हेगारच नाही तिचं काय? इटलीत मैत्रिणीच्या खुनाचा आरोप झालेल्या अमेरिकन विद्यार्थिनीला, अमांडा नॉक्सला, लहानपणी फुटबॉलच्या मैदानावर मिळालेलं 'फॉक्सी नॉक्सी' हे नाव पेपरांनी उचललं आणि खुनाच्या बातम्यांत वापरलं. मैदानावरची चपळाई मथळ्यात चवचालपणा झाली. २०१५ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला खुनातून निर्दोष सोडलं, पण ते नाव आजही तिला सोडत नाही.

रातकिडा
बरं, मग मथळा तुम्हीच लिहून दाखवा. तीन खून, खुनी फरार, हत्यार हातोडा.

सांजवात
'हातोड्याने तिसरा खून, पद्धत तीच, संशयिताचा शोध सुरू.'

रातकिडा
उद्या शेजारचा पेपर 'हातोडा किलर' छापेल आणि तोच खपेल.

सांजवात
छापू दे. हातोड्याला निदान जात नाही.

कोरा कागद
लोहार शोधत निघतील हो. लेदर एप्रन विसरलात का?