तळ्याला उभी भिंत घालून तळं वाचत नाही

नदीकाठचा

परवा इथं आलेली गावतळ्याची पोस्ट वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जेसीबी लावून जलपर्णी एकदाची काढा, काठचं लव्हाळं आणि पाणकणीस म्हणजे घाण, ती खरवडा, चारी बाजूंनी उभी भिंत घाला, वर वॉकिंग ट्रॅक, मधे कारंजं. पैसे मंजूर आहेत आणि जे विरोध करतील ते गावाच्या आड येतात.

मी आड येतोय. का ते सांगतो.

जलपर्णी गटाराच्या पाण्यावर पोसली जाते. आपल्या संडास-न्हाणीचं नत्र आणि स्फुरद तळ्यात जातं, तेच तिचं खत. ऊन आणि खत मिळालं तर पंधरवड्यात दुप्पट पसरते. गटार तसंच चालू ठेवून ती काढली तर पुढच्या वर्षी परत तेवढीच येणार, कारण तिचं बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहतं. त्यातून आपल्याकडे काढलेला ढीग काठावरच टाकायची पद्धत. तो कुजतो आणि मृगाच्या पावसात सगळं खत परत तळ्यात.

दुसरं, गाळ. तळाशी प्राणवायू असेल तोवर गाळातलं लोह स्फुरदाला धरून ठेवतं. प्राणवायू संपला की तेच स्फुरद पाण्यात सुटतं. म्हणजे आज गटार बंद केलं तरी तळं लगेच निवळणार नाही, गाळ काढावाच लागेल, हे मीही म्हणतो. पण आधी गटार, मग गाळ. उलटं केलं तर पैसा पाण्यात.

गेल्या उन्हाळ्यात पहाटे तळ्यावर गेलो तर कटले कडेला आडवे पडलेले, आणि काहीही सोसणाऱ्या चिलाप्यासुद्धा पाण्यावर तोंड काढून आ करत होत्या. गावात बोंब झाली की कुणीतरी विष टाकलं. विष कुणी टाकलं नव्हतं. पाणी हिरवंगार झालेलं. ते शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं. गाळात जे कुजतं त्यालाही तोच लागतो, आणि गरम पाण्यात तो मुळात कमीच मावतो. पहाटेपर्यंत माशांना काही उरत नाही. मधलं कारंजं वरवरचं पाणी उडवतं, तळाला त्याचा उपयोग नाही.

आणि ते लव्हाळं. त्याच्या मुळांवरच्या जिवाणूंमुळे पाण्यातलं नत्र हवेत निघून जातं. उथळ काठावर मासे अंडी घालतात, बेडूक वाढतात, जांभळी पाणकोंबडी घरटं करते. उभ्या भिंतीला उथळ काठच नसतो. भिंत घातली की तळ्याचं टाकं झालं.

प्रगती_आमची

ती पोस्ट माझीच. तुम्ही शास्त्र सांगितलंत, आता गाव ऐका. लव्हाळ्यातून साप निघतात, शाळेची पोरं त्याच वाटेनं जातात. संध्याकाळी बायकांनी फिरायचं कुठं? रस्त्यावर ट्रॅक्टर आणि डंपर. गेल्या पावसात आमच्या गल्लीत घरटी डेंग्यू होता.

आणि जे तुम्ही सोयीस्कर सोडलंत ते: अतिक्रमण. आमच्या आजोबांच्या वेळी तळं केवढं होतं आणि आज केवढं आहे, विचारा म्हाताऱ्यांना. आधी गवताची गंजी येते, मग शेड, मग पत्र्याचं घर. ज्या गावात भिंत आणि ट्रॅक झालाय तिथं एक गुंठा कुणी खाल्ला नाही. पाणकोंबडीच्या घरट्यानं अतिक्रमण थांबत नाही.

शिवारातला

तुम्हा दोघांचं चालू द्या, पण माझं ऐका ओ जरा. माझं भात बळ्ळारी नाल्याच्या कडेला. बेळगावचा बासमती म्हणून शहापूर-वडगावच्या शिवाराचं कौतुक सगळे करतात, नाल्याचं कुणी बघत नाही. जलपर्णीनं नाला गच्च, जुलैत पाऊस लागला की पाणी पुढं सरकतच नाही, शिवारात पसरतं. उगवून आलेलं भात आठ-आठ दिवस पाण्याखाली कुजतं. परत बी, परत नांगरट. नदीकाठचे म्हणतात आधी गटार. अख्ख्या शहराचं गटार आहे ते, बंद व्हायला माझी हयात जाईल. मला मे महिन्यात जेसीबी पाहिजे. यंदाच.

नदीकाठचा

शिवारातला, तुमच्या नाल्यातली जलपर्णी मेमध्ये काढलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. वाहता नाला तुंबला तर पूर येतो. फक्त काढलेली बांधावर ठेवू देऊ नका, ट्रॅक्टरनं उचलायला लावा.

प्रगतीताई, अतिक्रमणाचा मुद्दा मानावा लागतोय, जिवावर आलं तरी. पण मग सर्व्हेची हद्द मोजून कुंपण आणि ट्रॅक हद्दीवर घाला, पाण्याला चिकटून कशाला? पाण्याच्या कडेला भिंत घातली की हद्द आणि पाणी यांच्या मधली जमीन तुम्ही स्वतःच सोडून देता. पुढं तीच भरून प्लॉट पडतात.

आणि डेंग्यूचा डास तळ्यात होत नाही. तो घरातल्या बॅरलच्या, टायरच्या, कुंडीखालच्या स्वच्छ पाण्यात होतो.

गळवाला

इतका वेळ वाचलं. पक्षी झाले, डास झाले, प्लॉट झाले. माशांचं एक वाक्य, तेही मेलेल्या.

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की ओढ्यातून मासे वर चढायचे. तळ्याच्या सांडव्यावरून पाणी पडायचं, त्यावरून उड्या मारत शेतात. आम्ही पोरं बॅटरी घेऊन गुडघाभर पाण्यात. बांधाच्या मोरीजवळ टोपली धरली की नुसता खळखळाट. मरळ, शिंगटा, वाम, काय नव्हतं? सांडवा काँक्रीटचा करून उंच केला त्या वर्षापासून एक मासा चढलेला बघितला नाही. अंडी घालायला मासा शेतात येणार नाही तर पिल्लं कुठली? आता गळ टाकला की चिलापी. दुसरं काही लागतच नाही. भिंत घालणाऱ्यांना हे कळत नाही आणि विरोध करणाऱ्यांनाही सुचत नाही.

खानापुरी

राग येईल, पण लिहितो. चढणीचा मासा पोटात अंडी घेऊन चढतो. तो टोपलीत धरून घरी नेला तर त्या एका माशाबरोबर हजारो पिल्लं गेली. तुम्हीच खाल्लेत आणि आता सांडव्याच्या नावानं रडता? आमच्या भागात अजून तेच चालतं. रात्री कोयते घेऊन उतरतात.

गळवाला

काय बोलूलालाय तुम्ही? आमच्या आज्यापणज्यांनी चढणीचे मासे खाल्ले, तरी दर वर्षी येत होते. कशामुळं? वाट उघडी होती म्हणून. टोपलीला दहा लागले तर शंभर वर जायचे. सांडव्याच्या भिंतीनं शंभरातले शंभर अडवले. वर्षातले चार दिवस मासा खाणाऱ्या गरिबाला दोषी धरायचं आणि ठेकेदाराच्या काँक्रीटला सोडायचं, हे मला पटत नाही. तुमच्याकडे डोहात ब्लीचिंग पावडर टाकून, करंट लावून मासे मारतात त्याचं आधी बोला. त्यात तर अंडंही राहत नाही आणि खेकडाही.

खानापुरी

ब्लीचिंग टाकणाऱ्यांशी मी भांडलोय, अंगावर आलेत लोक. ते मला शिकवू नका. पण आता मासे पूर्वीइतके नाहीत, तेव्हा पूर्वीइतकं धरूनही चालत नाही. मृगातले पहिले पंधरा दिवस सोडा, नंतर हवे तेवढे धरा, एवढंच मागतोय.

आणि वाटा अडवण्याचं म्हणता तर आमच्या कणकुंबीकडे बघा. २०१८ मध्ये म्हादई पाणीतंटा लवादानं कळसा आणि भांडुरा या म्हादईच्या ओढ्यांचं ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मलप्रभेत वळवायला मंजुरी दिली. त्या ओढ्यांत दगडाला पोटानं चिकटून राहणारे बोटाएवढे मासे आहेत. त्यांना वाहतं, गार पाणी लागतं. ते मासे कालव्यात जगत नाहीत. पुढं भीमगडचं जंगल त्याच पाण्यावर. तुमच्या तळ्याच्या सांडव्यावर एवढी चर्चा, आमच्या अख्ख्या खोऱ्यावर कोण बोलणार?

शिवारातला

हुबळी-धारवाडची माणसं पण तहानलेलीच आहेत की ओ. मलप्रभेच्या धरणाखालचे शेतकरी किती वर्षं आंदोलन करतात. मासा जगावा, पण माणूस?

खानापुरी

मलप्रभेच्या खोऱ्यात ऊस किती लावलाय ते बघा, मग तहानेचं बोलू.

चिकोडीकर

ऊस निघालाच आहे तर आमचंही ऐका. पंचगंगेत उन्हाळ्यात काळं पाणी येतं, शिरोळकडं मासे तरंगतात, आणि तेच पाणी कृष्णेतून आमच्याकडं येतं. साखर कारखान्याची मळी असो नाहीतर शहराचं मैलापाणी, जिवाणूंना कुजवायला प्राणवायू लागतो आणि तो पाण्यातलाच जातो. तक्रार करायला गेलं तर इकडचे म्हणतात पाणी महाराष्ट्रातून येतं, तिकडचे म्हणतात तुम्ही कर्नाटकातले. सीमेचं भांडण माणसांचं, मरतो मासा. तुम्ही टोपलीवरून भांडताय.

सोसायटीचा सभासद

मी मच्छीमार सोसायटीत आहे, तळं लिलावात घेतो, म्हणून बोलतो. चिलापीला सगळेच शिव्या घालतात. ती १९५२ मध्ये बाहेरून देशात आणली, मान्य. मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून तिची पिल्लं वाचतात. नर उथळ गाळात बशीसारखे खड्डे करतो, दुसऱ्याला जागा देत नाही, हेही मान्य. पण कटला, रोहू, मृगळ तरी कुठं आपल्या नदीचे? गंगेकडचे. आम्ही बीज सोडतो तेव्हा कुणी तक्रार करत नाही, कारण ते बाजारात चालतात. चिलापी स्वस्त आहे, बाजारच्या दिवशी ज्याला मटण परवडत नाही तो तीच नेतो. तिला संपवा म्हणणाऱ्यांनी त्या माणसाच्या ताटाचं उत्तर द्यावं.

बंदी असलेला आफ्रिकन मांगूर कुणी तळ्यात सोडत असेल तर मात्र मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. तो सगळ्यांना खातो.

गळवाला

चिलापी संपवा असं मी म्हटलंच नाही. मरळ परत आणा म्हणतोय. मरळ चिलापीची पिल्लं खाते, आणि मरळीला काठाचं गवतच लागतं घरट्याला. म्हणजे आलं कुठं? त्याच भिंतीवर.

प्रगती_आमची

हे मासेवाले दोन दिवस भांडतायत आणि माझा फुटपाथ मधेच राहिला. पाणथळ जागांचा कायदा आहे म्हणतात, मग तुमच्यातल्या कुणी त्यात अर्ज का केला नाही?

नदीकाठचा

कारण २०१७ च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी आणि पिण्यासाठी माणसानं बांधलेले तलाव धरलेलेच नाहीत. आपली बहुतेक गावतळी तिथंच सुटतात. म्हणून ग्रामसभा हीच जागा. मी लेखी देणार आहे: पहिलं काम गटार वळवून शोषखड्डे आणि लव्हाळ्याच्या वाफ्यातून सोडायचं, ट्रॅक हद्दीवर, काठ उताराचा, सांडव्याला पायऱ्यापायऱ्यांचा उतार म्हणजे मासा चढेल. साप निघतात त्या शाळेच्या बाजूचं गवत कापा, माझी हरकत नाही. बाकीच्या तीन बाजूंचं राहू द्या.

प्रगती_आमची

ट्रॅक आणि दिवे होणार असतील तर उताराचा काठ चालेल मला. कारंजं मी सोडणार नाही, पोरांना आवडतं. शाळेची बाजू पूर्ण साफ, त्यात तडजोड नाही. आणि वाफ्यातून गटार नेल्यावर वास आला तर तुमच्या दारात येऊन बसेन.

नदीकाठचा

या. पण कारंज्याचं वीजबिल पंचायतीनं कुठून भरायचं तेही सभेत सांगा.

खानापुरी

सांडव्याच्या पायऱ्यांवर टोपली लावायला बंदी हेही त्या लेखीत घाला.

गळवाला

घाला. पंधरा दिवसांची. सोळाव्या दिवशी मी तिथंच असणार.

शिवारातला

तळ्याचं ठरलं. आता नाल्याचा अर्ज कोण लिहिणार तेवढं सांगा, मे जवळ आलाय. सही मी करतो, आमच्या शिवारातल्या सगळ्यांच्या आणतो.