जिनिंगमधल्या माणसांना सीझनमध्ये होणारा त्रास: ॲलर्जी की आणखी काही?

प्रश्न: जिनिंग सुपरवायझर, हिंगणघाट तालुका

आमच्याकडे 12 डीआर (डबल रोलर) रेचे, म्हणजे कापसातून सरकी काढायची मशीनं, गाठी बांधायचा एक प्रेस, दोन पाळ्या मिळून 46 माणसं. त्यात 19 बाया. दिवाळीच्या आसपास कापूस यायला लागला की दरवर्षी तेच. कोणाचं नाक गळून राहिलं, कोणाचे डोळे लाल, कोणी रात्रभर खोकून राहिलं. कुंपणाला लागून गाजर गवत कंबरेएवढं वाढतं, ऑक्टोबरात पांढरं फुललेलं असतं, म्हणून मी आजवर सगळा दोष त्यालाच दिला. मेडिकलमधून सीपीएमची, म्हणजे सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांची, पाकिटं आणून हजेरीच्या टेबलावर ठेवायचो. लागेल त्याने घ्यावी.

मागच्या आठवड्यात रेच्यावरचा एक पोरगा ती गोळी घेऊन उभ्या उभ्या पेंगला. हात रोलरच्या वीतभर अलीकडे होता. मी ओरडलो म्हणून वाचला. पाकिटं तेव्हाच कुलपात टाकली.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त मनाला लागली आहे. एक मावशी सात सीझनपासून कचरा वेचायला बसतात, नाकावर पदर घट्ट बांधून. त्या दिवशी जेवताना पदर सोडला तर आतही, ओठांच्या कडेला आणि नाकपुड्यांवर, बारीक राखाडी धूळ बसलेली. म्हणाल्या, "भाऊ, मले शिंका नाही येत. छाती आवळल्यावाणी होते. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लय. मंग दोन-तीन दिवसात सैल होते." आमची सुट्टी मंगळवारी, गावच्या बाजाराची. घरी जाऊन हजेरी चाळली. अर्ध्या दिवसावर निघून गेलेल्यांत बुधवार सगळ्यात पुढे. आजवर मी समजत होतो की बाजारच्या दिवशीची उतरली नसेल. त्यात या मावशीही आल्या, याची फार लाज वाटते.

ॲलर्जी कोणती आणि हे दुसरं कोणतं, ओळखायचं कसं? मालक खर्चाला नाही म्हणत नाहीत, पण काय आणायचं ते मला सांगता आलं पाहिजे.

उत्तर: आरोग्य केंद्रातली नर्स

दादा, मावशींना आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा. बाकी सगळं नंतर.

शिंका, पाण्यासारखं नाक, नाका-डोळ्यांना खाज, ही ॲलर्जी. गाजर गवताने पापण्या, मान, कोपराच्या खाचा यांना खाज सुटून चामडी जाड होते. पण सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत, काम सुरू झाल्यावर काही तासांनी छाती आवळणं आणि आठवडा सरता सरता कमी होणं, हे कापसाच्या धुळीच्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्याला बिसिनोसिस म्हणतात. कापसासोबत येणारी पत्ती, बोंडाची साल आणि त्यावरच्या जिवाणूंचं विष धुळीतून फुप्फुसात जातं. सूतगिरण्यांत रविवारी सुट्टी, म्हणून तिथे याला सोमवारचा आजार म्हणतात. तुमच्याकडे तो बुधवारी येणारच. वर्षानुवर्षं अंगावर काढला तर पुढे रोजच धाप लागते आणि ते नुकसान भरून येत नाही. कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्यातल्या सूचनीय रोगांच्या यादीत हा आहे, म्हणजे सरकारला कळवणं बंधनकारक.

एक पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर मोजायचं साधन, आणा, काहीशे रुपयांत मिळतं. बुधवारी पाळीआधी तीन फुंका, पाळी संपल्यावर तीन, दोन्ही वेळचा मोठा आकडा वहीत लिहा. आकडा बराच पडत असेल तर वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात फुप्फुसाची पूर्ण तपासणी होते.

सीपीएमने झोप येते, मशीनवरच्या माणसाला नकोच. फेक्सोफेनाडिन या ॲलर्जीच्या दुसऱ्या गोळीने झोप फार कमी येते, पण तीही डॉक्टरांनी लिहून द्यावी. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल त्याची थुंकी तपासाच, सरकारी दवाखान्यात फुकट होते. धूळ, धूळ म्हणत टीबी राहून जातो.

उत्तर: जुना फिटर

भाऊ, म्या 31 वर्षं रेच्यावर काढली. गोळीच्या आधी धूळ पाहा. पाळी चालू असताना झाडू मारता का? हवेच्या पाईपानं रेचे साफ करता का? बसलेली धूळ तुम्हीच उडवून राहिले. सफाई माणसं बाहेर गेल्यावर करा अन् करणाऱ्याले एन-95 मास्क द्या. पदरातून बारीक धूळ आरपार जाते, ते तुम्ही डोळ्यानं पाहिलंच. सीझनच्या शेवटाले फरदडीचा (वेचणी झाल्यावरही राखलेल्या पिकाचा) माल पत्तीवाला असते, तवा लाईट बिलासाठी प्री-क्लीनर, म्हणजे रेच्याआधी कापूस साफ करणारं मशीन, बंद ठेवू नका. धुळीच्या पाईपाचं तोंड बाया बसतात तिकडं आहे का, तेही पाहा. नागपूरले सिरकॉट या सरकारी कापूस संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं विचारा.

उत्तर: शेतकरी, समुद्रपूर

गाजर गवत फुलायच्या आधी, पावसात जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुललेलं उपटायला ॲलर्जीवाल्या माणसाला लावू नका. उन्हाळ्यात कुंपणाच्या कडेने तरोट्याचं बी फेकून ठेवा, तरोटा दाटला की ते वर येत नाही.

प्रश्नकर्ता

आज बुधवार. मीटर कालच आणलं. मावशींची सकाळची मोठी फुंक 310, संध्याकाळची 250. त्या पोराची सकाळ-संध्याकाळ सारखीच, त्याचं नाकाचंच दिसतं. मावशींना शुक्रवारी सेवाग्रामला नेतो. रोजी कापायची नाही, मालकाशी बोलून झालं. पाईपाचं तोंड खरंच बायांकडेच आहे, वेल्डरला उद्या सकाळी बोलावलं.