मदत हवी आहे: कोबाल्ट फेराइट अजून किती तास दळू?

निळी_भट्टी
एमएस्सीचा प्रकल्प आहे, कोबाल्ट-लोखंडाच्या ऑक्साइडच्या या चुंबकीय सिरॅमिकवर. पावडर ४० तास बॉल मिलला (गोळ्यांनी दळणारं यंत्र) लावली, कण २० नॅनोमीटरचे झाले. पेलेट (दाबलेल्या पावडरच्या चकत्या) भाजले, तरी मॅग्नेटोस्ट्रिक्शन (चुंबकीय क्षेत्रात लांबी बदलणं) ६० पीपीएमच्या (दहा लाखात ६० भाग) वर जाईना. सिनियरच्या जाड पावडरच्या पेलेटला १२० आलं होतं! कण बारीक केले की वाढतं ना? सोमवारी दाखवायचंय. अजून किती तास दळू, एवढंच सांगा.

पेलेटप्रेस
कुठल्या तापमानाला भाजलंत, किती वेळ? घनता? चुंबकीय क्षेत्र किती? गेज (लांबीतला बदल मोजणारी पट्टी) क्षेत्राच्या दिशेत की आडवं? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

निळी_भट्टी
१२५० अंश, ६ तास. घनता ४.५ ग्रॅम प्रति घन सेंमी. क्षेत्र २००० एर्स्टेड. गेज नेहमीसारखंच चिकटवलं.

चुंबकवेडी
दळणं सोडा, ऑटो-कंबशनने (मिश्रण स्वतःच पेटून पावडर होते) करा. ग्लायसिन आणि नायट्रेट, अर्ध्या दिवसात पावडर हातात. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) अतिसूक्ष्म कणांपासून भाजलेल्या कोबाल्ट फेराइटवर काम झालंय, तिथे मॅग्नेटोस्ट्रिक्शन वाढलेलंच दिसलंय.

पेलेटप्रेस
वाढतं, पण पेलेट घट्ट भाजला गेला तर. अतिबारीक पावडर दाबताना नीट बसत नाही, गुठळ्या राहतात, मध्ये पोकळ्या. ४.५ म्हणजे पोकळ्या नसतानाच्या ५.३ पैकी ८५ टक्केच. पोकळी आकसत नाही. मी थोडी जाड पावडर मिसळतो.

चुंबकवेडी
मिसळायची गरज नाही. बाइंडर (पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ) सावकाश जाळा, ५०० अंशांपर्यंत मिनिटाला एक-दोन अंशच चढवा. माझे पेलेट त्यानेच सुधारले.

सह्याद्री_८७
टर्फेनॉल-डी का नाही घेत? हजाराच्या वर पीपीएम मिळतं.

पेलेटप्रेस
त्यात टर्बियम, डिस्प्रोशियम लागतं, महाग आणि ठिसूळ. शिवाय तो मिश्रधातू. यांचा प्रकल्प सिरॅमिकचा आहे.

कणशोध
२० नॅनोमीटर कशावरून? एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तन) आलेखातल्या शिखराच्या रुंदीवरून काढलं असेल तर ते स्फटिकाचं माप, कणाचं नव्हे. ४० तासांच्या दळणाने जाळीत ताण येतो, त्यानेही शिखर रुंदावतं. आणि १२५० ला ६ तास ठेवल्यावर ते २० थोडेच उरतात? ग्रेन (भाजलेल्या पेलेटमधले स्फटिक) मायक्रॉनमध्ये जातात. तोडलेल्या पेलेटचा एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो) काढा. मिलचं भांडं स्टीलचं आहे का? गोळ्यांचं वजन दळण्याआधी आणि नंतर करा, जेवढं घटलं तेवढं लोखंड तुमच्या पावडरीत गेलं.

निळी_भट्टी
एक्सआरडीवरूनच काढलंय. भांडं स्टीलचं. वजन केलं नाही.

रातकिडा
विषयाला सोडून विचारतो. आमच्या सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर रात्रभर घुमतो, ते हेच का?

कणशोध
बऱ्याच अंशी हेच. वीज ५० हर्ट्झची, गाभा दर आवर्तनात दोनदा ताणतो, म्हणून आवाज १०० हर्ट्झचा.

पेलेटप्रेस
निळी_भट्टी, गेजचं उत्तर राहिलंय. कोबाल्ट फेराइट क्षेत्राच्या दिशेत आकसतं आणि आडव्या दिशेत साधारण निम्म्याने फुगतं. तुमच्या ६० पुढे उणे होतं की अधिक?

निळी_भट्टी
आत्ता फाइल उघडली. अधिक. चुंबकाच्या फटीत तारा मावत नव्हत्या म्हणून आडवं लावलं होतं. सिनियरचे १२० उणे आहेत.

पेलेटप्रेस
म्हणजे तुम्ही वेगवेगळ्या दिशांची मापं ताडून पाहताय. दळण लगेच थांबवा. दोन्ही पेलेट एकाच दिशेत, एकाच क्षेत्रात मोजा. २००० एर्स्टेडला हे द्रव्य संपृक्त (पूर्ण चुंबकित) होत नाही, जमलं तर ५००० पर्यंत न्या.

चुंबकवेडी
वेळ उरला तर ३०० अंशांना चुंबकीय क्षेत्रात अॅनीलिंगही (तापवून ठेवणं) करून बघा, चांगला फरक पडतो.

निळी_भट्टी
आमच्याकडे ती सोय नाही. जुनं गेज काढून परत लावता येईल का?

पेलेटप्रेस
नाही, काढताना पत्रा ताणला जातो. नवं घ्या. आधी पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने घासा, अॅसिटोनने पुसा. तारा खालून वळवून बाजूने काढल्या की फटीत मावतात.