‘सैराट’चा शेवट मुका ठेवला म्हणून भिडतो, की आपल्याला पद्धतशीर गंडवतो?

गोदाकाठचा:
शनिवारी नाशकात गंगापूर रोडला मित्राच्या गच्चीवर चादर बांधली, भाड्याचा प्रोजेक्टर आणला आणि ‘सैराट’ लावला. २०१६ ला थेटरात पाहिला होता, त्यानंतर थेट आत्ता. आम्ही अकरा जण होतो. संपल्यावर खाली जाऊन गाड्या काढेपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. रविवारी सकाळी मिसळीवर मात्र अशी जुंपली की तर्री गार झाली. ते भांडण इथे आणतोय.

विसरला असाल तर सांगतो. आर्ची आणि परश्या वेगळ्या जातीचे, तिच्या घरच्यांच्या विरोधात पळून जाऊन संसार थाटलेला. आर्ची दारात रांगोळी काढतेय. भाऊ आणि बरोबरची माणसं येतात, आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन. परश्या येतो, चहा होतो. बाळ शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं. ती त्याला दाराशी सोडते, ते एकटंच आत जातं आणि आपल्याला दोघं रक्तात पडलेले दिसतात. खून दाखवलेलाच नाही. बाळ रडतं, पण रडणं ऐकू येत नाही, आवाज पार काढून टाकलाय. ते रडत रडत बाहेर येतं आणि फरशीवर इवलाली लाल पावलं उमटत जातात. शेवटची नावंसुद्धा मुकीच सरकतात.

माझं म्हणणं एवढंच, की आयुष्य उलटंपालटं होण्याचा क्षण दाखवताना दिग्दर्शकाने हात मागे घ्यावा. या सिनेमासाठी अजय-अतुलनी पार अमेरिकेत जाऊन मोठा वाद्यवृंद रेकॉर्ड केला. पण शेवटाला एक व्हायोलिन नाही. दुसरा कुणी असता तर स्लो मोशन, गोल फिरणारा कॅमेरा आणि आलाप घेणारी बाई, असा सगळा मसाला आलाच असता.

शटरवाला:
भाऊ, मी लग्नं शूट करतो, सिडकोत छोटा स्टुडिओ आहे. स्लो मोशनला शिव्या घातल्या की मला लागतं. आवाज बंद करणं म्हणजे हात मागे घेणं नव्हे. तीही युक्तीच, आणि सगळ्यात जोरदार. थेटरात संपूर्ण शांतता कधीच नसते. साध्या सीनमध्येही पंख्याची घरघर, लांबचा हॉर्न, काहीतरी मुद्दाम घातलेलं असतं. ते शून्यावर नेलं की माणूस दचकतो. दिग्दर्शकाने तिथे तुमची मानगूट धरलीय आणि तुम्ही म्हणताय तो बाजूला झाला!

दुसरं. ‘याड लागलं’मध्ये परश्या धावत सुटतो ते आठवा. सगळं स्लो. सेकंदाला शंभर फ्रेमने घ्यायचं, पंचवीसने चालवायचं, एका सेकंदाचे चार होतात. प्रेमात पडलेल्या पोराला वेळ तसाच वाटतो म्हणून तिथे ते शोभतं. पहिला अर्धा भाग इतका सुरेल आणि संथ तरंगता ठेवला, म्हणून शेवटची शांतता चावते. सुरुवातीपासून कोरडा सिनेमा असता तर शेवटी आवाज गेलेला कळलाही नसता.

रिळवाला काका:
मी एका टॉकीजला ऑपरेटर होतो, आता घरीच. आवाज गेला की पब्लिक केबिनकडे मान वळवून ओरडतं, हा आमचा जन्माचा अनुभव. रिळांच्या काळात एक्सायटर लॅम्प, म्हणजे रिळावरचा आवाज वाचायला लागणारा दिवा, उडाला की चित्र चालू आणि आवाज गुल. तोंडात दोन बोटं घालून शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट, सगळं सहन केलंय. ‘सैराट’ लागला तेव्हा रिळं गेली होती, डिजिटल सर्व्हर आला होता. पहिल्या दिवशी पहिल्या शोला शेवट आला आणि मॅनेजर जिने चढून धापा टाकत वर. म्हणे काका, आवाज! मी म्हटलं साहेब, मीटर बघा, सिनेमातच आवाज नाहीये. खाली दोघे-तिघे ओरडले, “ए आवाज!” मग आपोआप गप्प झाले. भरल्या थेटरात मुलाच्या रडण्याऐवजी बायकांची नाकं ओढल्याचा आवाज येत होता. चार शोनंतर मी त्या वेळेला केबिनबाहेर जाऊन उभा राहायला लागलो. काचेतून बघवत नव्हतं.

माधवी इंदिरानगर:
काका, तुमचा किस्सा भारी, पण माझं मत उलटंच आहे. शांततेबद्दल तक्रार नाही. तक्रार पावलांबद्दल आहे. छोट्या मुलाची लाल पावलं म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? दिवाळीत उंबऱ्यापासून आत काढलेली लक्ष्मीची पावलं. नव्या नवरीची कुंकवाची पावलं. तीही आत येणारी. इथे पावलं बाहेर जातात. त्यात आधी दारात रांगोळी. इतकी जुळवाजुळव लक्षात आली आणि माझं रडू थांबलं. वाटलं, कुणीतरी हे कागदावर आखून, बाळाच्या पायाला रंग लावून माझ्यासमोर मांडलंय. दीड-दोन वर्षांच्या लेकराकडून रडू वसूल करणं मला स्वस्त वाटतं.

‘श्वास’ आठवा, २००४ चा. मुलाच्या डोळ्यांना कॅन्सर, ऑपरेशन झालं की दृष्टी जाणार. आजोबा त्याला हॉस्पिटलमधून उचलून शहर दाखवायला नेतात, बस्स. रस्ते, माणसं, गर्दी. रोज दिसतं तेच. पण पोराला हे शेवटचं दिसतंय हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे साध्या फ्रेमचंही ओझं होतं. तिथे ना रक्त, ना पावलं.

गोदाकाठचा:
माधवीताई, लक्ष्मीच्या पावलांचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण त्याने माझं रडू थांबलं नाही, उलट वाढलं. आणि आखलंय म्हणून खोटं कसं? ‘श्वास’मधलं ते फिरणं काय आपोआप शूट झालं का?

माधवी इंदिरानगर:
आखलेलं असावंच. पण दिसू नये. शिवण आतल्या बाजूला असते.

शटरवाला:
शिवण दिसली म्हणून पैठणी वाईट होत नाही ताई. येवला जवळच आहे, जाऊन विचारा. कधीकधी ती दिसलीच पाहिजे. ‘जॉज’ पाहिलाय का, १९७५ चा? पोलीस चीफ समुद्रकिनारी बसलाय, पाण्यात शार्कचा हल्ला झाल्याचं त्याला कळतं. तिथे कॅमेरा त्याच्याकडे सरकतो आणि त्याच वेळी लेन्सने झूम आउट केलंय. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच राहतो, मागचा किनारा मात्र ताणल्यासारखा लांब पळतो. काही सेकंदांचा खेळ. युक्ती ढळढळीत दिसते, तरी पोटात खड्डा पडतोच. भीतीचा क्षण आतून तसाच असतो, माणूस जागेवर आणि जग सरकलेलं. (हा शॉट मी एकदा वरमालेला घेतला. नवऱ्यामुलाला चक्कर आल्यासारखं दिसलं. पुन्हा नाही घेतला.)

सिन्नरकर:
नाशिकची मंडळी यावर भांडतायत आणि दादासाहेब फाळक्यांचं नाव नाही? त्र्यंबकेश्वरला जन्मलेला माणूस, १९४४ ला नाशकातच गेला. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात आपण फक्त पोरांना खेळायला नेतो. त्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बघा. सुरुवातीला लेक मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव करून दाखवते, आणि मग तीच कृष्ण होते. म्हणजे फाळके सांगतायत, आधी चेहरा बघा, मग चमत्कार.

शटरवाला:
सिन्नरकर, तो मुद्दा माझ्याच पारड्यात पडतो. फाळके ट्रिक फोटोग्राफीचे उस्ताद. पहिला मोठा सिनेमा करण्याआधी भांडवल मिळवायला त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडी थोडी फिल्म घेतली आणि पडद्यावर काही क्षणांत वेल वाढताना दाखवला. माझं स्लो मोशन, त्यांचं उलटं. वेळेशी खेळल्याशिवाय बदल दिसत नाही, हे त्यांना १९१२ लाच कळलं होतं.

गोदाकाठचा:
हे मान्य. पण मग ‘सैराट’वाल्या नागराज मंजुळेंच्याच ‘फँड्री’चा दगड? जब्या शेवटी दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्यावर, आणि पडदा काळा. तिथे ना वेळ ताणलीय, ना काही. सिनेमाभर खाली मान घालून चाललेला पोरगा एका फेकीत दुसराच माणूस होतो. मला तर ‘सैराट’पेक्षा तो शेवट मोठा वाटतो.

माधवी इंदिरानगर:
तो मलाही. तिथे रडायची सोय ठेवलेली नाही. दगड आपल्याच तोंडावर येतो.

रिळवाला काका:
त्या दगडाला पहिल्या रांगेतला एक जण खरंच मान वाकवून बसला होता. मी वरून पाहिलंय.

शटरवाला:
शेवटचा एक किस्सा, मग एडिटिंगला बसतो. गेल्या सीझनला मीही शहाणपणा केला. सटाण्याकडच्या एका लग्नात पाठवणीला मुलगी बापाच्या गळ्यात पडली. मी तिथे सनई काढली, गाणं काढलं, सगळा आवाज शून्य. वीस सेकंद नुसतं चित्र. बापाची टोपी सरकते, तो ती सावरत नाही. माझ्या मते मी आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम. दुसऱ्या दिवशी मुलीच्या काकांचा फोन. “दादा, तुमच्या पेनड्राइव्हमध्ये फॉल्ट आहे, पाठवणीला आवाज गेलाय.”

सनई परत टाकून दिली. मूळ फाईल ठेवलीय माझ्याकडे.

माधवी इंदिरानगर:
ती फाईल रविवारी गच्चीवर घेऊन या, त्या घरच्यांना विचारून. मग ठरवू.