मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड आणि मुलीचे दात

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळच्या गावात राहतो. मुलगी सात वर्षांची. पुढचे नवे दात आले तेच पांढुरके डाग घेऊन, आता कडेला पिवळट झाक दिसते. आधी वाटलं, नीट घासत नाही; उगाच रागावलो बिचारीला! बोअरचं पाणी तपासलं तर फ्लोराइड लिटरला २.४ मिलिग्रॅम निघालं; दात तयार होताना ते जास्त पोटात गेलं की असे डाग पडतात. मर्यादा १, दुसरी सोयच नसेल तर १.५. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं, हेही आत्ता कळलं.

आरओ घेतलेल्यांनी सांगा, बसवल्यावर पुन्हा तपासणी केलीत का? किती उतरलं? अजून यायच्या दातांना फायदा होईल ना? आणि तोवर टूथपेस्ट कोणती वापरावी?