कात्रजच्या नळाचं कौतुक पुरे, आता खडकवासल्याचं बोला

मुठाकाठ
पुण्यात हेरिटेज वॉकचा मोसम आला की कात्रजचा नळ हमखास चर्चेत येतो. वीज नाही, पंप नाही, तरी शनिवारवाड्यात पाणी! खरंच आहे ते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या आसपास, कात्रजला तलाव बांधले. वरच्यात गाळ बसायचा, खालच्यातून पाणी घ्यायचे. तिथून जमिनीखालून दगडविटांचा नळ निव्वळ उतारावर गावातल्या हौदांपर्यंत आणला, आत माणूस वाकून जाईल एवढा. वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवले, हवा निघून जायला आणि गाळ उपसायला. काम अव्वल, वादच नाही.

पण पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "तेच चालू ठेवलं असतं तर टँकर लागले नसते." इथे माझा विरोध आहे. कात्रजच्या डोंगरउतारावर पडणारं पाणी ते किती? हौदावरून घागरी भरणाऱ्या पेठांपुरतं. 1850 मध्ये बंडगार्डनला सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पैशातून बंधारा झाला, तिथून नदीचं पाणी पंपाने वर चढवलं. तरी गावाची तहान भागली ती 1879 च्या सुमारास खडकवासला पुरं झाल्यावरच. इंग्रज इंजिनिअर कर्नल फाईफचं हे धरण, म्हणून तलावाचं नाव लेक फाईफ. आज पुणं खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सुमारे 29 टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) साठ्यावर अवलंबून आहे.

मग आपण गोष्ट पेशव्यांपाशीच का संपवतो? माझ्या मते, खडकवासल्याची गोष्ट सांगायला घेतली की त्याच धरणाच्या कालव्यावर असलेल्या दौंड-इंदापूरच्या पाण्याचा हिशेब निघतो, आणि तो आपल्याला गैरसोयीचा आहे.

शुक्रवारातला
हिशेबच काढताय तर 12 जुलै 1961 पण काढा. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याला भगदाड पडलं आणि तुमच्या आधुनिक व्यवस्थेचे नळ कोरडे ठणठणीत. तेव्हा पेठांतल्या लोकांनी वाड्यातल्या विहिरींवर आणि हौदांवर दिवस काढले. आमच्या घरातले म्हातारे पुरापेक्षा त्या पाण्याच्या रांगांबद्दल जास्त बोलायचे.

कात्रजवर चाळीस लाखांचं शहर जगेल असं कुणीच म्हणत नाही. दुसरा स्रोत जिवंत ठेवायला हवा होता, एवढंच म्हणणं आहे. आपण काय केलं? विहिरी बुजवून पार्किंग केलं, कात्रजच्या तलावात मैलापाणी सोडलं. त्याच तलावांखालच्या आंबिल ओढ्याने सप्टेंबर 2019 मध्ये एका रात्रीत काय केलं ते सहकारनगर, अरण्येश्वरच्या लोकांना विचारा. आंबिल ओढा वळवून पर्वतीच्या पायथ्याला तळं करणाऱ्या पेशव्यांना ओढ्याला किती जागा लागते हे कळत होतं. आपल्याला ओढ्यावर भिंत बांधून फ्लॅट विकता येतात.

गंजपेठ
"हौदावरून घागरी भरणाऱ्या पेठा" हे वाचताना फार छान वाटतं. घागर कुणाची? जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. गावात हौद ढिगाने होते, तरी त्यांना एका माणसाच्या घरच्या हौदावर यावं लागलं. यातच सगळं आलं. बुधवारातला बाहुलीचा हौद डॉ. विश्राम रामजी घोल्यांनी लेकीच्या, म्हणजे बाहुलीच्या, आठवणीत बांधला आणि सगळ्या जातींना मोकळा ठेवला. हेरिटेज वॉकवाले तिथे बाहुलीची गोष्ट सांगतात, हौद खुला का ठेवावा लागला ते क्वचितच सांगतात.

शुक्रवारातला
विषय पाण्याचा चाललाय. यात जात आणायलाच हवी का?

गंजपेठ
पाणी कुणी भरायचं हे जिथे जातीवर ठरत होतं, तिथे ती मी कशाला आणू? मुठाकाठशी मी एवढ्यापुरता सहमत आहे की घरोघरी गेलेल्या नळाने तो पहारा बराच मोडला. इंजिनिअरला तसं काही करायचं नव्हतं, तरी झालं.

यवतकर
पुणेकर आपसात भांडताहेत हे बघून बरं वाटलं, नाहीतर सगळे मिळून आम्हालाच सुनावतात.

खडकवासला पुण्याला प्यायला म्हणून बांधलं हा समज आधी सोडा. पुण्याच्या पूर्वेचा दुष्काळी पट्टा भिजवणं हा मुख्य हेतू. शहराला आणि खडकीच्या छावणीला पाणी हा जोडीचा. उजवा मुठा कालवा तुमच्या जनता वसाहत, स्वारगेटवरून हडपसरला येतो आणि पुढे आमच्याकडे दौंड तालुक्यात, थेट इंदापूरपर्यंत. सप्टेंबर 2018 मध्ये तो दांडेकर पुलाजवळ फुटला तेव्हा निम्म्या पुण्याला कळलं की आपल्या गावातून कालवा वाहतो.

शहर वाढलं, आमची आवर्तनं, म्हणजे शेतीला कालव्यातून पाणी सोडण्याच्या पाळ्या, कमी झाली. बदल्यात काय, तर मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठची पाणी उपसायची विहीर) शहराचं प्रक्रिया केलेलं साडेसहा टीएमसी सांडपाणी जुन्या, छोट्या बेबी कालव्यात सोडायचं. कागदावर झकास. प्रत्यक्षात ते पाणी काळं येतं, वास मारतो, आणि त्यावर ऊस काढायचा आम्ही. तुमच्या दुसऱ्या स्रोताचं काय ते नंतर बघू, आधी पहिल्या स्रोतातला आमचा वाटा सांगा.

नांदेडफाटा
तुम्ही सगळे कालव्याच्या खालचे. मी धरणाच्या अगदी बगलेत राहतो. 2021 मध्ये आमची गावं महापालिकेत आली. जानेवारी 2025 मध्ये जीबीएसची (गिलन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) साथ पसरली ती याच पट्ट्यात: नांदेड, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता. संशय दूषित पाण्यावर होता. खडकवासल्याची भिंत इथून दिसते आणि नळाला येत होतं विहिरीचं पाणी, शुद्धीकरण केंद्रातून न गेलेलं, वर नुसतं क्लोरीन टाकलेलं. त्यामुळे "जुन्या विहिरी जिवंत ठेवा" म्हणणाऱ्यांनी त्या पाण्यावर प्रक्रिया कोण करणार हेही लिहावं.

मुठाकाठ
शुक्रवारातला, 1961 चा मुद्दा बिनतोड आहे, पण तो आणीबाणीचा. रोजच्या पाण्याचं काय? पेठांत धो धो, उपनगरात टँकर आणि यवतला काळं पाणी, हे तिन्ही एकाच धरणाचं वाटप आहे. पाणीपट्टी अजून घराच्या करयोग्य मूल्यावर निघते. कोण किती वापरतं याच्याशी तिचा संबंध नाही. अंगण धुणारा आणि बादली पुरवून वापरणारा सारखेच. मीटरवर बिल घ्या, वाचेल ते कालव्यात सोडा. सुरुवात पेठांपासून करा.

शुक्रवारातला
पेठांपासूनच का? आमच्या वाड्यात कुटुंबं दाटीने राहतात. पोहण्याचे तलाव बाणेर-बालेवाडीच्या सोसायट्यांत आहेत, तिकडून करा.

यवतकर
कुठूनही करा. या उन्हाळ्याच्या आवर्तनाआधी करणार का, तेवढं सांगा.